लाइन गेली तरी फाइल पोचली पाहिजे: दोन कॉम्प्युटरमध्ये कमांडनं कॉपी

झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, दिवाळी सरली की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक लागतं. दहाला पडदा उघडला की संपायला पहाट. मी वडसा-ब्रह्मपुरीकडे शूटिंगचं काम करतो. लग्नं, बारसे, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि हंगामात नाटकं. नाटकवाल्यांना सकाळी चहाच्या वेळेलाच व्हिडिओ पाहिजे असतो. ते काही जमत नाही, पण रात्रीचा माल सकाळी निदान दुकानातल्या मोठ्या डिस्कवर सुखरूप उतरला पाहिजे, एवढी माझी अट असते.

आता माल किती ते बघा. माझा कॅमेरा सेकंदाला ५० मेगाबिट लिहितो. म्हणजे तासाला साडेबावीस जीबी, सहा तासांच्या नाटकाला १३५ जीबी. पेनड्राइव्हवर हे वाहायचं म्हणजे टोपल्यानं विहीर उपसायची. त्यात पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल तो घेतच नाही. इंटरनेटवरून चढवायचं म्हटलं तर १० मेगाबिटच्या लाइनवर तीस तास लागतात, तेही मधे काही तुटलं नाही तर. आणि दोन्ही कॉम्प्युटर एकाच दुकानात असताना माल बाहेरून फिरवून आणायचा कशाला? एका केबलीनं काम होतं. इंटरनेट बंद असलं तरी होतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी बहुतेक वेळा मंडपात असतो आणि दुकानात माझा भाचा. त्याला मी कमांड फोनवर अक्षर-अक्षर सांगतो. हा लेख तसाच लिहिला आहे. कमांड इथे देवनागरीत दिसतील. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. शब्दांच्या मधली मोकळी जागा जशी दाखवली आहे तशीच ठेवा. आमच्या निम्म्या चुका त्या जागेच्याच असतात.

आधी रस्ता तयार करा

माझ्याकडे तीन मशीन आहेत. शूटिंगला नेतो तो लॅपटॉप, त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली. मिक्सिंगचा कॉम्प्युटर, त्यावर विंडोज. आणि मागच्या खोलीत एक जुना डबा, त्यात मोठी डिस्क आणि लिनक्स. त्याला आम्ही ‘गोदाम’ म्हणतो. त्यावरच्या यूजरचं नावही तेच ठेवलंय, जी ओ डी ए एम. सगळे जुने हंगाम तिथे पडलेले आहेत.

तिन्ही एकाच राउटरला किंवा स्विचला, म्हणजे नेटवर्कच्या केबली एकत्र जोडायच्या डबीला, जोडा. वायफायवरही चालतं, पण एवढ्या मालाला केबलच बरी. साध्या १०० मेगाबिटच्या स्विचवर सेकंदाला अकरा-बारा एमबी जातात. १३५ जीबीला साडेतीन तास धरा. गिगाबिटचा स्विच आणि कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल असेल तर सेकंदाला ११० एमबीपर्यंत, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांत काम. फक्त डिस्क तेवढी चपळ पाहिजे. केबल १०० मीटरच्या आत ठेवा. आणि उंदरांपासून वर ठेवा. धानाची पोती शेजारी असलेल्या खोलीत हा सल्ला गमतीचा नाही.

ज्या मशीनवर माल पाठवायचा, त्यावर एसएसएचचा, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यात सुरक्षित शिरायच्या सोयीचा, सर्व्हर लागतो. तो दारावरच्या माणसासारखा: कोण आलं ते विचारतो, पासवर्ड पाहतो, मग आत सोडतो. उबंटू, मिंट, डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर गोदामाच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, हे लिहा:

सुडो एप्ट इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर

अक्षरं अशी: एस यू डी ओ, मग ए पी टी, मग इन्स्टॉल, मग ओ पी ई एन एस एस एच, डॅश, सर्व्हर. हे एकदाच करायचं आहे आणि एवढ्यापुरतं इंटरनेट लागतं. टाकून झालं की सर्व्हर आपोआप सुरू होतो आणि पुढे मशीन चालू केलं की तोही उठतो.

पाठवणाऱ्या मशीनवर बहुतेक काही टाकावं लागत नाही. लिनक्सवर एसएसएच असतंच. विंडोज १० मध्येही २०१८ पासून ते आतच येतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून एस एस एच लिहून एंटर मारा, ‘वापर असा’ छापाची यादी आली तर आहे.

आता गोदामाचा पत्ता पाहिजे. गोदामावर ‘होस्टनेम’ लिहा, जागा सोडा, डॅश आणि मोठा आय. उत्तर १९२.१६८.१.२० असं काहीतरी येईल. विंडोजच्या मशीनचा पत्ता पाहायचा तर आय पी कॉन्फिग, सगळं जोडून. १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते घरगुती वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत. तुमच्या दुकानातला १.२० आणि माझ्या दुकानातला १.२० यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

लॅपटॉपवरून हाक मारून बघा:

पिंग १९२.१६८.१.२०

उत्तरं यायला लागली तर रस्ता मोकळा. लिनक्सवर ती थांबतच नाहीत; कंट्रोल आणि सी दाबून थांबवा. उत्तरच आलं नाही तर पुढची एकही कमांड मारू नका, आधी केबल बघा. वायफायवर असाल तर आणखी एक भानगड असते: काही राउटर, विशेषतः पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, जोडलेल्या मशीनना एकमेकांशी बोलू देत नाही. इंटरनेट दोघांनाही चालतं, पण एकमेकांना दिसत नाहीत. यात माझा एक अख्खा रविवार गेला आहे.

पहिली फाइल

फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे, तिथे जाऊन बसा. विंडोजमध्ये सोपी युक्ती आहे: तो फोल्डर उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत सी एम डी लिहा आणि एंटर मारा. काळी खिडकी त्याच फोल्डरात उघडते. लिनक्सवर फोल्डरमध्ये राइट क्लिक करून टर्मिनल उघडता येतं.

फाइलचं नाव अंक१ आहे आणि गोदामावर नाटक नावाचा फोल्डर आधीच करून ठेवलाय, असं धरू. मग:

एससीपी अंक१.एमपी४ गोदाम@१९२.१६८.१.२०:नाटक/

तीन भाग आहेत. काय करायचं: एस सी पी, म्हणजे सुरक्षित कॉपी. काय न्यायचं: फाइलचं नाव. कुठे न्यायचं: कोणाच्या नावानं, कोणत्या पत्त्यावर, आणि कोलननंतर कोणत्या फोल्डरात. हा फोल्डर गोदामाच्या घरच्या फोल्डरातला धरला जातो. दुसरीकडे ठेवायचं असेल तर कोलननंतर स्लॅश देऊन पूर्ण वाट लिहा.

पहिल्यांदा एक लांबलचक इंग्रजी प्रश्न येतो: या मशीनची ओळख पटलेली नाही, पुढे जायचं का? पहिली वेळ आहे, मशीन आपलंच आहे, तर वाय ई एस असं पूर्ण लिहून एंटर. नुसता वाय चालत नाही. त्यानंतर पासवर्ड. इथे भाच्याचा पहिल्या दिवशी फोन आला होता.

“मामा, पासवर्ड घेऊनच नाही रायला. मी दाबून रायलो, पण तिथं काहीच नाही उमटत.”

“घेऊन रायला हाय. दिसत नाही फक्त. पूर्ण टाक आन् एंटर मार.”

“चांदण्या तरी दिसाव्या ना जी!”

चांदण्याही दिसत नाहीत. मागे उभ्या असलेल्याला पासवर्ड किती अक्षरांचा तेही कळू नये म्हणून तसं आहे. पासवर्ड बरोबर असेल तर टक्केवारी धावायला लागते.

पूर्ण फोल्डर न्यायचा असेल तर एससीपी नंतर जागा सोडून डॅश आणि लहान आर. फाइलची तारीख-वेळ जशीच्या तशी ठेवायची असेल तर डॅश आणि लहान पी. गोदामावरून इकडे आणायचं असेल तर फक्त बाजू उलट करा: आधी गोदामाचा पत्ता आणि फाइल, शेवटी एक टिंब. टिंब म्हणजे ‘मी बसलोय तिथे’.

एससीपी गोदाम@१९२.१६८.१.२०:नाटक/अंक१.एमपी४ .

कोलननं घेतलेली परीक्षा

कोलन हेच एससीपीला सांगतं की हा पत्ता दुसऱ्या मशीनचा आहे. ते गळलं तर कमांड रडत नाही, चूकही दाखवत नाही. ती समजते की तुम्हाला याच मशीनवर दुसऱ्या नावानं कॉपी पाहिजे.

एका पहाटे मी फोल्डर न देता नुसतं गोदामाच्या घरात टाकायला सांगितलं. तेव्हा कोलन अगदी शेवटी येतं, त्याच्यापुढे काहीच नसतं. भाच्याकडून तेवढंच राहिलं. वीस जीबी झपाट्यानं गेले. एवढ्या झपाट्यानं गेले तेव्हाच माझ्या डोक्यात दिवा लागायला पाहिजे होता, पण रात्रभर जागलेलं डोकं. कार्ड फॉरमॅट झालं, दुसऱ्या गावच्या नाटकाला निघूनही गेलं. दुपारी गोदामात पहिला अंक नाही!

अंक लॅपटॉपवरच सापडला, ‘गोदाम@१९२.१६८.१.२०’ अशा नावाची, शेपूट नसलेली वीस जीबीची फाइल होऊन. नाव बदललं, एमपी४ चं शेपूट लावलं, चालू झाली. तेव्हापासून भाचा एंटर मारण्याआधी कोलनवर बोट ठेवून मोठ्यानं ‘कोलन’ म्हणतो.

फाइलच्या नावात मोकळी जागा असली तरी असाच घोळ होतो. कमांडला ती दोन फाइली वाटतात. नाव अवतरणचिन्हांत टाका. त्याहून बरं म्हणजे नावात जागा ठेवूच नका. मराठीत नाव दिलं तरी कॉपी होतं, पण काळ्या खिडकीत ते टाइप करताना जीव जातो. नाव अर्धं लिहून टॅबचं बटण दाबलं की उरलेलं मशीन स्वतः भरतं, ही सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा.

लाइन गेली तर

एससीपीचा एक दोष आहे, आणि आपल्याकडे तोच सगळ्यात महागात पडतो. १३५ पैकी ९० जीबी गेले आणि लाइन म्हणजे वीज गेली, तर पुन्हा शून्यापासून. कोणत्या फाइली पोचल्या, कोणती अर्धी राहिली, ते एससीपी बघत नाही. उन्हाळ्यात लग्नाचा सीझन आणि लाइनचा लपंडाव एकाच वेळी येतात, म्हणून मी मोठा माल एससीपीनं पाठवतच नाही. त्यासाठी आरसिंक.

आर एस वाय एन सी. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये हे बाहेर काढलं. संथ लाइनवर पूर्ण फाइल पुन्हा न पाठवता फक्त बदललेला भाग कसा पाठवायचा, हा त्यांचा प्रश्न होता. आपला प्रश्न थोडा वेगळा, पण औषध तेच लागू पडतं. लिनक्सवर नसेल तर वरच्यासारखंच एप्टनं टाका, आणि दोन्ही मशीनवर टाका. एकीकडे असून भागत नाही. विंडोजमध्ये ते येत नाही. डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजच्या पोटातलं लिनक्स टाकून वापरता येतं.

आरसिंक -ए -व्ही --पार्शल --प्रोग्रेस मंडई/ गोदाम@१९२.१६८.१.२०:नाटक/मंडई/

पार्शल म्हणजे पी ए आर टी आय ए एल, आणि तिच्या आधी दोन डॅश, जोडून. डॅश ए म्हणजे आतले फोल्डर, तारखा, परवानग्या सगळं जसंच्या तसं. डॅश व्ही म्हणजे काय चाललंय ते बोलत राहा. पार्शल म्हणजे मधेच तुटलं तर अर्धी फाइल फेकू नको. तुटल्यावर करायचं एवढंच: वरचा बाण दाबून तीच कमांड परत आणायची आणि एंटर. ज्या फाइलींचा आकार आणि तारीख दोन्हीकडे जुळते त्या तो ओलांडून जातो आणि राहिलेल्यापासून सुरू करतो. डॅश ए विसरू नका ते याचसाठी. तारखा जुळल्या नाहीत तर त्याला सगळाच माल नवा वाटतो.

पण पार्शलवरही डोळे झाकून विसंबू नका. लॅपटॉप बॅटरीवर आहे, गोदामही बॅकअपवर आहे आणि फक्त मधला दुवा तुटला, तर पार्शल आपलं काम करतं. गोदामच धाडकन बंद पडलं तर अर्धी फाइल आवरायला कोणी जागंच नसतं. ती टिंबानं सुरू होणाऱ्या विचित्र नावानं लपून पडून राहते, आणि पुढच्या वेळी ती फाइल पहिल्यापासून जाते. वीस-वीस जीबीच्या फाइली असतील तर हे परवडत नाही. अशा वेळी पार्शलच्या जागी --इनप्लेस लिहा: आय एन पी एल ए सी ई. मग फाइल पहिल्यापासून खऱ्या नावानंच लिहिली जाते आणि लाइन आल्यावर आरसिंक आधी लिहिलेलं तपासून पुढे जातो. त्यात थोडा वेळ जातो. मशीन अडकलं असं समजून बंद करू नका. आणि कॉपी चालू असताना ती फाइल मिक्सिंगला उघडू नका, कारण दिसायला ती तिथे असते, पण अर्धीच असते.

माझ्या दुकानात दोन वर्षं एक विनोद चालला होता. दोन्ही कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर, आणि मधला स्विच भिंतीच्या साध्या प्लगवर. लाइन गेली की कॉम्प्युटर जिवंत, कॉपी बंद. शंभर रुपयांच्या एक्स्टेंशन बोर्डानं तो प्रश्न मिटला. राउटर आणि स्विच आधी इन्व्हर्टरवर घ्या, बाकी मग.

स्लॅश, आणि एक धोक्याचा शब्द

वरच्या कमांडमध्ये ‘मंडई’ च्या शेवटी स्लॅश आहे. तो असेल तर आरसिंक फोल्डरच्या आतला माल नेतो. नसेल तर फोल्डरसकट उचलतो, आणि गोदामावर मंडईच्या आत आणखी एक मंडई तयार होते. नुकसान काही नाही, पण पुढच्या वेळी तीच कमांड स्लॅशसह मारली की सगळा माल दुसऱ्यांदा जातो आणि डिस्क भरते.

दोन डॅश आणि डिलीट असाही एक पर्याय दिसेल. इकडे जे नाही ते तिकडूनही पुसून टाक, असा त्याचा अर्थ. लॅपटॉपवरची जागा मोकळी केल्यावर ही कमांड मारली तर गोदामही मोकळं होईल. नवीन माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये. कधी वापरायचंच असेल तर आधी डॅश एन लावून बघा. त्यानं काही कॉपी होत नाही, काही पुसत नाही, नुसती यादी दिसते.

विंडोजवरून विंडोजवर, शेअर केलेल्या फोल्डरात न्यायचं असेल तर रोबोकॉपी वापरा, ते विंडोजमध्ये असतंच. स्लॅश ई म्हणजे आतल्या फोल्डरांसकट, स्लॅश झेड म्हणजे तुटलं तिथून पुढे. पण स्लॅश आर:३ आणि स्लॅश डब्ल्यू:१० नक्की लावा. न लावल्यास तो एका अडलेल्या फाइलवर दहा लाख वेळा प्रयत्न करतो, दर वेळी ३० सेकंद थांबून. हिशेब करा, पुढची मंडई येईल.

काल चालत होतं, आज नाही

लाइन जाऊन परत आली की राउटर पत्ते नव्यानं वाटू शकतो. काल गोदाम २० वर होतं, आज २३ वर गेलं, आणि २० वर मिक्सिंगचा कॉम्प्युटर बसला. कमांड तीच, पण दार दुसऱ्याचं. गोदामच्या जागी दुसरं एसएसएचवालं मशीन आलं असेल तर मोठ्या अक्षरांत भलामोठा इशारा येतो: समोरच्याची ओळख बदलली आहे, कोणीतरी मधे घुसलं असेल. भाचा तो पाहून कॉम्प्युटर बंदच करून बसला होता. घाबरू नका, पण डोळे मिटून पुढेही जाऊ नका. गोदामावर जाऊन पत्ता पुन्हा बघा. पत्ताच बदलला असेल तर कारण सापडलं. गोदामावर लिनक्स नव्यानं टाकलं असेल तरीही हाच इशारा येतो. तेव्हा जुनी ओळख पुसायची: एसएसएच-कीजेन, डॅश, मोठा आर, मग पत्ता.

हा इशारा उगाच नाही. एसएसएच जन्मलं तेच चोरीनंतर. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी लपून पासवर्ड गोळा केले, आणि तातू युलोनेन या तिथल्या संशोधकानं हे लिहिलं. त्याआधीच्या कमांड पासवर्ड उघडाच पाठवायच्या, पोस्टकार्डासारखा.

कायमचा उपाय म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये गोदामासाठी एक पत्ता राखून ठेवणं. राउटरच्या पानावर जोडलेल्या मशीनची यादी असते, तिथे गोदामासमोर पत्ता पक्का करता येतो. दहा मिनिटांचं काम आहे, मी दोन हंगाम टाळलं.

कार्ड फॉरमॅट करण्याआधी

टक्केवारी शंभर झाली यावर मी कार्ड पुसत नाही. लॅपटॉपवर एस एच ए २५६ एस यू एम, सगळं जोडून, जागा सोडून फाइलचं नाव. चौसष्ट अक्षरांची ओळ येते, तो त्या फाइलचा ठसा. तशीच ओळ गोदामावर काढायची, आणि त्यासाठी मागच्या खोलीत जावं लागत नाही:

एसएसएच गोदाम@१९२.१६८.१.२० शा२५६सम नाटक/मंडई/अंक१.एमपी४

इथे ‘शा’ म्हणजे तेच एस एच ए. दोन्ही ओळी सारख्या आल्या तर फाइल अक्षरशः तीच आहे. एक बिट इकडचा तिकडे असता तर पूर्ण ओळ वेगळी आली असती. आम्ही पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं फोनवर एकमेकांना वाचून दाखवतो. जुळलं की मी मंडपात कार्ड रिकामं करतो आणि भाचा दुकानातूनच गोदाम बंद करतो: एसएसएच, डॅश टी, पत्ता, मग सुडो पॉवरऑफ. पासवर्ड दोनदा मागेल, एकदा दारावर आणि एकदा बंद करायला. वीज कडाडत असली तर त्यानंतर उठून भिंतीतली केबलही काढायची. ते काम कमांडनं होत नाही.